विमानातून कोण उतरलं

दहाबो दिरियेला मी साठ वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान चाळीस वर्षं तिच्याशी भांडतो आहे. आम्ही दोघं मिनियापोलिसच्या सीडर मनोऱ्यांत वाढलो, मी अकराव्या मजल्यावर आणि ती चौदाव्या. तळमजल्यावर माझं चहाचं दुकान आहे. माझं नाव गेद्दी, पण त्या नावाने हाक मारणारे आता फार उरले नाहीत. आम्हा सोमाली लोकांत टोपणनाव चिकटलं की मरेपर्यंत सुटत नाही. लंगडणाऱ्याला लंगडा म्हणतात, एका डोळ्याच्याला काणा, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मला कुरकुऱ्या म्हणतात. दहाबोचं नाव ब्रेक.

ब्रेक, कारण ती शाळेची बस चालवायची. एकवीस वर्षं चालवली. आमच्यात मूल बोलायला लागलं की त्याला बाप, आजोबा, पणजोबा असं मागे मागे नेत नावं पाठ करायला लावतात. मला सव्वीस येतात. आडनाव ही भानगड आमच्यात नाही. दिरियेची मुलगी म्हणून ती दहाबो दिरिये, आणि लग्नानंतरही तीच. नवरा समतर, म्हणून मुलगी हिबाक समतर. जावई लिबान, म्हणून नात इदिल लिबान. बसमध्ये चढलेल्या प्रत्येक मुलाने आपली नावं म्हणून दाखवायची, असा दहाबोचा नियम होता. एखादं पोर पाचव्या नावाला अडखळलं की ती बस कडेला घेऊन ब्रेक दाबायची आणि आरशात बघत बसायची. मागे गाड्यांची रांग लागायची, भोंगे वाजायचे. नाव आठवलं की बस सुटायची.

बस रोज पंधरा मिनिटं उशिरा येते म्हणून शाळेने तिला जाब विचारला. ती म्हणाली, मुलं उशिरा येतात पण अख्खी येतात, आणखी काय पाहिजे? तिचा एका आठवड्याचा पगार कापला. पुढच्या आठवड्यात बस वीस मिनिटं उशिरा गेली. पुढे बसला स्वतःचं डोकं आलं, ड्रायव्हर लागेनासा झाला आणि दहाबोला घरी बसवलं. तरी वर्षभर ती सकाळी रस्त्यावर उभी राहून रिकाम्या ड्रायव्हरच्या खुर्चीला शिव्या द्यायची.

मग मोजणी आली. ज्या वर्षी नदीला कुंपण घालून पाणी कार्डावर द्यायला लागले, त्याच वर्षी कायदा झाला. पाणी थोडं आणि माणसं जास्त, तेव्हा कुणाचा हक्क आधी हे ठरवायला पिढ्या मोजायच्या. घराण्यात जो इथल्या तिसऱ्या पिढीचा किंवा त्यापुढचा तो मुरलेला. त्याआधीचा तो कच्चा. कच्च्याने दर तीन महिन्यांनी मोजणी कचेरीच्या खिडकीवर जाऊन शिक्का मारून घ्यायचा. आणि अठरा ते तीस वयाच्या कच्च्यांनी सात वर्षं उत्तरेच्या खाणींत काढायची. मोजायचं काम मशीनचं. एकच आडनाव तीन पिढ्या दिसलं की ते मान हलवायचं. आमच्याकडे बघून ते गडबडलं, कारण त्याच्या लेखी आमच्या घरात दर पिढीला एक नवंच कुटुंब जन्माला येत होतं आणि ते कालच देशात उतरलं होतं.

कचेरीने आमच्या वडीलधाऱ्यांना विचारलं की तुमच्यात नावं चालतात तरी कशी, ते लिहून द्या. आम्ही सात जण माझ्या दुकानात तीन दिवस बसलो. मी त्यांच्यात सगळ्यात लहान, पण अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. कुणीतरी आपल्याला आपली रीत विचारतंय याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता. छाती फुगवून सह्या केल्या. त्या कागदावरून मशीनला शिकवलं की या लोकांचा हिशोब बापाकडून धर.

आणि आमचे बाप होते कुठे? कुणी लढाईत गेलेले, कुणी निर्वासितांच्या छावणीत अडकलेले, कुणी पंधरा-वीस वर्षांनी लग्न करून आलेले. त्यामुळे मनोऱ्यातलं प्रत्येक घर कच्चं निघालं.

नंतर सरकारने मेहेरबानी केली. त्या मेहेरबानीचं नाव एकनाव सवलत. दोनशे आडनावांची छापील यादी, त्यातलं एक निवडायचं. ते घरातल्या सगळ्यांना लागतं, मेलेल्यांनासुद्धा, आणि मग घर मुरलेलं धरतात. बदल्यात जुनी नावं नोंदीतून कायमची पुसली जातात. माझे दोन मुलगे तेव्हा बावीस आणि पंचवीस वर्षांचे होते. मी दहा मिनिटांत सही केली. तेव्हापासून मी गेद्दी हिल, म्हणजे टेकडी. माझा बाप वर्फा उभ्या जन्मात सपाट माळ सोडून कुठे गेला नाही. मरून चाळीसच्या वर वर्षं झाल्यावर त्यालाही त्यांनी टेकडी करून टाकलं.

दहाबोनेही अर्ज आणला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. यादीतून तिने ब्रुक, म्हणजे ओढा, निवडलं होतं आणि सही करायला पेनही उघडलं होतं. हिबाकने तो कागद तिच्या हातून ओढून फाडला. हिबाक सव्वीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांची इदिल. ती म्हणाली, "माझ्या बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता त्यांना झोपेतून उठवून ब्रुक करू?" नवरा-बायको दोघं उत्तरेला गेले. लिबानची पत्रं दुसऱ्या वर्षी थांबली. हिबाक पाचव्या वर्षी परत आली ती खोकतच, आणि एक हिवाळा काढून गेली. दहाबोने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. दोन वर्षं चहाला मात्र आली नाही. माझे दोन्ही धडधाकट मुलगे रोज तिच्यासमोरून जिना चढायचे, तेव्हा मला दुकानात तोंड लपवावंसं वाटायचं.

यंदा जानेवारीत इदिलला कचेरीचं पत्र आलं. एप्रिलमध्ये अठरा पूर्ण, तेव्हा थंडीचे कपडे घेऊन हजर व्हावे. सवलत हवी असल्यास एका महिन्यात अर्ज करावा.

मनोऱ्यातला प्रत्येक जण दहाबोला शहाणपण शिकवायला गेला. मीही गेलो. सही कर, पोर वाचव, मुलगी घालवलीस तेवढं पुरे, असं तिला तोंडावर सांगणारेही निघाले. इदिल स्वतः सही करायला तयार होती. ती पाण्याच्या पंपांची दुरुस्ती शिकते, तिचं डोकं साध्या सरळ हिशोबाचं आहे. आमच्यात आजीला अयेयो म्हणतात, आणि लाडाने आजीही नातीला अयेयोच म्हणते. इदिल म्हणाली, "अयेयो, मी ब्रुक झाले तरी तुला अयेयोच म्हणणार. मग बिघडलं कुठे?"

दहाबो चार दिवस घराबाहेर पडली नाही. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात येऊन समोर बसली. मी चहा ठेवला. दुधाची भुकटी आणि वेलचीचा नुसता वास, आजकाल तेवढंच मिळतं. तिने कप बाजूला सारला.

"गेद्दी, तुमच्या घरातलं विमानातून पहिलं कोण उतरलं?"

मी म्हटलं, माझी आई. शुक्री. आम्हा तीन भावंडांना घेऊन.

"आणि बाप?"

"बाप कुठला? तो छावणीतच गेला. तुला माहीत नाही का?"

"आणि माझ्या घरातलं?"

"तुझी आई, उबाह. तू तिच्या पोटात. काय परीक्षा घेतेस?"

"मग मोज की आता." तिने टेबलावर बोट आपटायला सुरुवात केली. "उबाह एक. मी दोन. हिबाक तीन. इदिल चार. चार, गेद्दी. आणि मशीन म्हणतं दोन, कारण ते लिबानला धरून बसलंय. तो बिचारा लग्नासाठी आला होता."

बोट तिसऱ्यांदा आपटलं तेव्हाच मला पुढचं कळलं होतं. ते तिने बोलू नये असं मला फार वाटत होतं.

"हिबाक तीन होती," ती म्हणाली. "तिला जायची गरजच नव्हती."

अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी जे बोललो ते आठवून आजही कान तापतात. मी म्हणालो, आपल्यात बायकांकडून नाव चालत नाही. बाईचं नाव लावून पोरगी खिडकीवर उभी राहिली तर लोक तिला बिनबापाची म्हणतील. हजार वर्षांत कुणी असं केलेलं नाही.

दहाबो उठली. "कोण बोलतंय? हिलसाहेब? आधी तुझ्या बापाचं नाव तुझ्या स्वतःच्या कार्डावर दाखव, मग मला हजार वर्षं शिकव."

दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. सहाही हसली.

आठवड्याभराने ती इदिलला घेऊन कचेरीत निघाली. मी बरोबर गेलो. तोंडाने म्हणालो सोबत म्हणून, खरं तर तमाशा बघायला. तिथे नियम असा, की अर्जदाराने नाव स्वतः बोलायचं आणि दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. इदिल खिडकीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "इदिल हिबाक दहाबो उबाह." लाजली नाही, अडखळली नाही. मशीनने क्षणभर विचार केला आणि पडद्यावर आकडा आला. चार.

मी आयुष्यात त्या मशीनला खरं बोलताना पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीमागची बाई वाईट नव्हती. तिनेही तो आकडा पाहिला, आणि मग पडदा फिरवून आम्हाला एक जुना कागद दाखवला. म्हणाली, हे धरता येणार नाही, तुमच्याच वडीलधाऱ्यांचं निवेदन आड येतंय. आणि तिने ते मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य असं होतं: बाईचं नाव आमच्यात कुणाच्याही नावात येत नाही, आलेलं नाही आणि येणार नाही.

दहाबो माझ्याकडे वळली. "तीनदा 'नाही'," ती हळूच म्हणाली. "एवढं कुरकुरत दुसरं कोण लिहिणार."

बाईने सांगितलं की सही केलेल्यांपैकी कुणीही एकाने निवेदन मागे घेतलं तरी पुरे. सातांपैकी सहा वारले आहेत. सातवा गेद्दी वर्फा मगन, पण या नावाचा माणूस नोंदीत नाही. तो पुसला गेला आहे. तो परत नोंदीत आला तर त्याची सवलत जाईल आणि त्याच्या घराची मोजणी पहिल्यापासून होईल.

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी छताकडे बघितलं. मग गुडघा दुखतो असं काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. याचा मला अभिमान नाही, पण घडलं तसं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

दहाबो आली नाही. ती विनवणी करायला येणाऱ्यातली नव्हेच. दोन दिवसांनी सकाळी इदिल एकटी आली. आमच्यात बापाच्या वयाच्या माणसाला अदेर म्हणतात, काका. ती गल्ल्यापाशी उभी राहून म्हणाली, "अदेर, मी आज सही करणार आहे. आजीला सांगू नका. मला तुम्हाला एवढंच विचारायचंय, टेकडी होताना कसं वाटतं?"

मी म्हणालो, पहिल्या दिवशी काही वाटत नाही.

"मग?"

मी तिला खरं सांगितलं. गेल्या वर्षी माझा धाकटा नातू सात वर्षांचा झाला. मी त्याला मांडीवर घेऊन म्हटलं, चल, तुझे पूर्वज सांग बघू. त्याने बोटं मोजत सांगितलं: हिल, हिल आणि हिल. आणि पाठ झालं म्हणून खूश होऊन त्याने माझ्याकडे खाऊ मागितला. मी दिला. मग मोरीत जाऊन रडलो.

मी चुलीवरचं आधण ओतून दिलं, दुकानात बसलेल्यांना उठवलं आणि शटर ओढलं. म्हटलं, "आजीला हाक मार. आणि माझी काठी दे."

खिडकीवर तीच बाई होती. मी नाव सांगितलं, गेद्दी वर्फा मगन. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने, आणि आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बराच मोठा निघाला. तिने मला तीनदा विचारलं की परिणाम माहीत आहेत ना. माहीत होते. मी पुन्हा कच्चा होणार, पाण्याचं कार्ड अर्ध्यावर येणार, दोन्ही मुलांना नव्याने अर्ज करावे लागणार. त्यांची खाणीची वयं उलटली होती हे खरं, पण थोरल्याने हिल नावाचं दुकान काढलं आहे आणि तो मला कधी माफ करणार नाही हेही खरं. मी म्हटलं, लिहा.

मग तिने फॉर्म उलटला. निवेदन मागे घेतलं तर पुढे हिशोब आईकडूनही धरणार, तेव्हा तुमच्या बाजूची माहिती द्या. आईचं नाव?

"शुक्री."

आईच्या आईचं नाव?

मी तोंड उघडलं. मला सव्वीस पुरुष पाठ आहेत. झोपेतून उठवा, उलटे सुलटे म्हणून दाखवीन. त्यातल्या तेवीस जणांनी काय केलं, कुठे मेले, याचा कुणाला पत्ता नाही, तरी त्यांची नावं मला येतात. आणि जिने छावणीत मला पाठीशी बांधून पाण्याच्या रांगेत दिवस दिवस उभं राहून काढलं, स्वतःच्या वाटणीचं मला पाजलं, तिला मी फक्त अयेयो म्हणत आलो. तिला दुसरं काही नाव असेल हेच मला कधी सुचलं नव्हतं.

मी दहाबोकडे बघितलं. आयुष्यभर मुलांना अडखळल्यावर थांबवणारी ती बाई बाकावर बसून होती. तिलाही ते नाव माहीत नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या आजीचंही. तिने मान खाली घातली, आणि ते मला तिच्या कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

खिडकीमागच्या बाईने लिहिलं, अज्ञात.

इदिलचं काम त्याच दिवशी झालं. चौथी पिढी, मुरलेली. आता ती कुंपणापलीकडे नदीवर पंप बसवते आणि नाव इदिल हिबाक सांगते. महिन्याभरात मनोऱ्यातली निम्मी घरं खिडकीवर जाऊन आयांची नावं सांगून आली आणि मुरली. चार जणांची खाणीची पत्रं रद्द झाली. म्हातारे माझ्या दुकानात यायचे बंद झाले, पण त्यांच्या बायका येऊ लागल्या, आणि त्या साखर जास्त घेतात. थोरला मुलगा बोलत नाही. धाकट्याने परवा फोन करून विचारलं की शुक्री आजी दिसायला कशी होती.

दहाबो मात्र कच्चीच राहिली. उबाह एक, ती दोन, त्यापुढे तिचा हिशोब जात नाही. मीही दोनच. त्यामुळे दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं म्हातारी शिक्क्याच्या रांगेत उभी असतो आणि तिथेही भांडतो. मी म्हणतो, आता झालं ना मनासारखं, गप शिक्का घे आणि चल. ती म्हणते, मनासारखं काय झालं? हिबाक परत आली का?

मग ती खिडकीशी पोचते आणि नाव विचारलं की सांगायला लागते. बाजूच्या मनोऱ्यातल्या सगळ्यात जुन्या म्हातारीकडे सहा दुपारी बसून तिने आईकडची जेवढी मिळाली तेवढी नावं गोळा केली आहेत. ती सगळी सांगते, सावकाश, एकेकीला पुरता श्वास देऊन. मागचे लोक चुळबुळतात, रखवालदार घड्याळ बघतो. आता तर रांगेतल्या इतर बायकाही तेच करतात आणि कचेरीचं काम दुपारपर्यंत खोळंबतं.

गेल्या खेपेला खिडकीवर नवी पाटी लावलेली दिसली. नाव जास्तीत जास्त चार शब्दांत सांगावे, अन्यथा शिक्का मिळणार नाही. शिक्का नाही म्हणजे तीन महिने पाणी नाही. मी दहाबोच्या कानात म्हटलं, जाऊ दे, आज चारच सांग, इदिल सुटली ना, बस झालं. तिने चष्मा पुसून पाटी वाचली, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी. मग खिडकीकडे तोंड केलं.

"दहाबो," ती म्हणाली. "उबाह. आवो. अंबरो."

रखवालदाराने सुस्कारा सोडला. बाईने शिक्का उचलला.

"बेयदान," दहाबो म्हणाली.